व्याज, जोखीम आणि अडकलेला पैसा

‘वित्तीय अर्थशास्त्र’ हे विषयाचे नाव पहिल्यांदा वाचणाऱ्याला पुनरुक्ती वाटते. वित्त म्हणजे पैसा आणि अर्थ म्हणजेही पैसा. मग हे पैशाच्या पैशाचे शास्त्र झाले की काय? पण या दोन शब्दांची कुळे वेगळी आहेत. ‘वित्त’ आले ते मिळणे, सापडणे या अर्थाच्या ‘विद्’ धातूपासून. जे हाती लागले ते वित्त. ‘अर्थ’ शब्दाच्या मुळाशी हेतू आहे, गरज आहे, मागणे आहे. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, प्रार्थनेतही तोच अर्थ आहे. (‘अर्ज’ मात्र थेट अरबी. आवाज सारखा असला तरी या घराण्यात त्याला वाटा नाही.) म्हणजे एक शब्द हवे असलेल्याचा आणि दुसरा मिळालेल्याचा. इंग्रजी ‘फायनान्स’ची गोष्ट तिसरीच. त्याच्या पोटात ‘शेवट’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. जुन्या फ्रेंचमध्ये देणे फेडून, प्रसंगी खंडणी भरून, व्यवहार संपवणे असा त्याचा अर्थ होता. आपल्याकडे जे सापडण्यापासून सुरू होते, ते तिकडे फेडून संपण्यापासून सुरू झाले.

या शास्त्राला मराठीत ‘अर्थशास्त्र’ हे नावही एका फटक्यात मिळालेले नाही. लोकहितवादींनी १८४९ साली इंग्रजी पुस्तकाच्या आधारे या विषयावर लिहिले, तेव्हा पुस्तकाचे नाव ठेवले ‘लक्ष्मीज्ञान’. पुढे १८५५मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ आले आणि नावाची दिशा ठरली. गंमत अशी की कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती लागली ती १९०५च्या सुमारास, आणि छापली गेली १९०९मध्ये. म्हणजे ज्या ग्रंथावरून हे नाव घेतले असे आपण सहज गृहीत धरतो, तो ग्रंथ डोळ्यांनी पाहायच्या आधी अर्धशतक मराठीने ते नाव वापरात आणले होते. माझा कौल विचाराल तर ‘लक्ष्मीज्ञान’ गेले हे बरे झाले. लक्ष्मीचे ज्ञान परीक्षेत नापास होऊनही अनेकांना असते.

हे शास्त्र जिथे शिकवतात त्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ची, सागरमाळाच्या उघड्या माळावरची. त्याच गावात शाहूपुरीची व्यापारी पेठ आहे, ती राजर्षी शाहूंनी १८९५मध्ये वसवली. चारच वर्षे आधी, १८९१मध्ये, मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात पोचली होती, आणि गुळाला रुळांचा रस्ता मिळाला होता. विद्यापीठात वित्तीय बाजारांवरची पुस्तके वाचणारा करवीर, कागल किंवा शिरोळ तालुक्यातला मुलगा दोन शब्दकोश घेऊन वर्गात येतो. एक क्रमिक पुस्तकातला: समभाग, तरलता, प्रतिभूती, परतावा. दुसरा घरातला: उचल, मुद्दल, तारण, भिशी, बट्टा. पहिल्या कोशातले शब्द मंडळांनी बसून घडवले, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दुसऱ्या कोशात जे जमा आहे, त्याकडे त्या मंडळांनी जरा जास्तच दुर्लक्ष केले असे मला वाटते.

‘मुद्दल’ बघा. हा शब्द बहुधा दक्षिणेकडून आला. तमिळमध्ये ‘मुदल’ म्हणजे पहिले आणि मूळ रक्कमही. कन्नडमध्ये ‘मोदलु’ म्हणजे आधी. मल्याळममध्ये ‘मुदलाळी’ म्हणजे भांडवलवाला. निपाणी-गडहिंग्लजच्या पट्ट्यात मराठी-कन्नड दोन्ही एकाच ओसरीवर बोलल्या जातात, तिथे या शब्दाला सीमा ओलांडायला परवाना लागला नसेल. ‘भांडवल’ही तसेच: कन्नडमध्ये ‘बंडवाळ’. दोघांच्या तळाशी संस्कृत ‘भांड’ आहे. भांडे या अर्थाने, आणि व्यापाऱ्याचा माल या अर्थानेही. इंग्रजी ‘कॅपिटल’ लॅटिनमधल्या डोक्यापासून निघाले, आणि मालमत्ता या अर्थातून गुरांवर आलेले ‘कॅटल’ हे त्याचे भावंड झाले. तिकडे गुरांची डोकी, इकडे मालाने भरलेली भांडी.

पण खरा नमुना ‘व्याज’ आहे.

संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, निमित्त, कपट. अलंकार शिकताना व्याजस्तुती आणि व्याजोक्ती भेटतात: निंदेच्या आडून स्तुती, निमित्त पुढे करून खरी गोष्ट लपवणे. ‘निर्व्याज हास्य’ असे आपण लहान मुलाबद्दल म्हणतो, तेव्हा ते बिनव्याजी कर्जाबद्दल नसते. त्या मुलाच्या हसण्यात कपट नाही, एवढेच म्हणायचे असते. मग कर्जावरच्या वाढीला हे नाव कसे चिकटले? संस्कृतात वाढीसाठी ‘वृद्धि’, ‘कुसीद’ असे साधे शब्द होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मुद्दल आणि व्याजाची गणिते आहेत, तिथे व्याजाला ‘कलांतर’ म्हटले आहे. (‘कालांतर’ नव्हे. पण व्याज काळाबरोबर वाढते, तेव्हा चुकून तसे वाचले तरी फार बिघडत नाही.) तरीही लोकभाषांनी, मराठीने, गुजरातीने, हिंदीने, उचलला तो ‘बहाणा’च. माझा अंदाज असा की दिले तेवढेच परत घ्यावे, जास्त मागणे बरे नव्हे, ही समजूत घट्ट होती, आणि जास्तीची रक्कम कुठल्यातरी निमित्ताने घेतली जायची. निमित्ताचे नाव रकमेला लागले.

हा अंदाज मला धीराने मांडावासा वाटतो, कारण युरोपात हुबेहूब हेच घडले. चर्चने व्याज निषिद्ध ठरवले होते. पण पैसे वेळेवर परत न मिळाल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागायला कायद्यात जागा होती. त्या भरपाईला लॅटिनमध्ये ‘इंटरेस्से’ म्हणत, म्हणजे दोन स्थितींमधला फरक. सावकारांनी त्या दारातून बैलगाडी आत घातली, आणि आजचा ‘इंटरेस्ट’ जन्मला. म्हणजे तिकडेही नाव बहाण्याचेच, फक्त ते लॅटिनच्या पांघरुणात झाकलेले. आपण पांघरूण घेतलेच नाही.

‘सावकार’ शब्दाच्या नशिबी उलटा प्रवास आला. ‘साधुकार’वरून ‘साहुकार’, त्यावरून सावकार. मूळ अर्थ सज्जन, सचोटीचा. ‘चोर की साव’ म्हणतो त्यातला साव तोच. बहाणा सभ्य झाला आणि सज्जन बदनाम. कर्जाच्या एकाच व्यवहारातल्या दोन शब्दांनी आपापल्या अब्रूची अदलाबदल केली, असेच म्हणायचे. या दोघांच्या मध्ये आपल्याकडे एक जुना दंडक उभा होता: दामदुप्पट. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही, हा हिंदू कायद्यातला नियम मुंबई इलाख्यातली न्यायालये पाळत. त्यातला ‘दाम’ आला ग्रीक ‘द्राख्मे’ या नाण्यावरून, ‘द्रम्म’ या रूपातून. शिलाहार-यादवांच्या लेखांत हे द्रम्म दिसतात. ‘दामाजी’, ‘छदाम’, ‘बेदाम’ म्हणताना आपण ग्रीक बोलतो याची कुणाला शंकाही येत नाही.

‘आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा’ हा वित्तीय अर्थशास्त्राचा पहिला धडा. तो समजावायला प्राध्यापकाला फळ्यावर सूत्र मांडावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यात ऊस बिलाची गोष्ट काढली तरी भागते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. २००९पासून उसाच्या किमान दराचे नाव एफआरपी झाले, मराठीत ‘रास्त आणि किफायतशीर दर’. रास्त फारसी, किफायत अरबी. ऊस उत्पादकाला पंधराव्या दिवसापासूनचे व्याज नेमके ठाऊक असते. ते हातात पडते की नाही, हा वेगळा अभ्यासक्रम आहे.

याच पट्ट्यात ‘उचल’ हा शब्द चालतो. उचलायची ती उचल, इतके साधे. हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत ‘पहिली उचल’ किती, यावर घोषणा होतात. ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतो तीही उचलच. पण दोन्हींत फार अंतर आहे. शेतकऱ्याची उचल म्हणजे आधीच दिलेल्या उसाच्या किमतीचा पहिला हप्ता. त्याचे येणे आहे, ते थोडे आधी मिळाले. मजुराची उचल म्हणजे अजून न केलेल्या कष्टांवरचे कर्ज. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ मोजायचा आणि सहा महिन्यांच्या तोडीतून फेडून घ्यायचे. शब्द एक, पण एकाला उचलल्यावर हलके वाटते आणि दुसऱ्याला ओझे होते. क्रमिक पुस्तकातला ‘अग्रिम’ हा शब्द दोघांनाही सारखाच लागू पडतो, म्हणून तो निरुपयोगी.

‘शेअर’चेही असेच. पुस्तकात शेअर म्हणजे मालकीचा तुकडा. मुळात हा इंग्रजी शब्द कापण्यावरूनच आला. त्याची किंमत रोज वरखाली होते आणि त्यात कंपनीच्या साऱ्या भविष्याचा अंदाज उतरलेला असतो, असे शास्त्र सांगते. घरी ‘कारखान्याचा शेअर’ असतो. तो बाजारात विकायला काढता येत नाही, त्याचा भाव टीव्हीच्या पट्टीवर धावत नाही. त्यावर मिळते ती सवलतीची साखर आणि संचालक निवडायचे मत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे दोन शेअर एकच वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. खरे तर सहकारी शेअरची किंमत काय धरायची, हा प्रश्न पुस्तकातल्या शेअरपेक्षा अवघड आहे. दिवाळीच्या साखरेचे आजचे मूल्य काढता येईल. मताचे कसे काढणार?

उद्याची रक्कम आजच्या भावात आणायची तर ती कमी करावी लागते. या कमी करण्याला मराठीत बरेच शब्द होते, कारण इथल्या पेढ्या शेकडो वर्षे तेच करत होत्या. (‘पेढी’ म्हणजे पीठिका, बसायची जागा, आणि ‘बँक’ म्हणजे इटालियन सराफाचे बाकडे. दोन्हीकडे बसणाऱ्यापेक्षा बैठकच नावारूपाला आली.) मुदतीची हुंडी मुदतीआधी वटवायची तर ‘वटाव’ कापला जाई. एका टांकसाळीचे नाणे दुसऱ्या गावात चालवायचे तर ‘बट्टा’ लागे, आणि माणसाच्या नावाला बट्टा लागतो तो तिथूनच. नाण्याची चांदी तेवढीच राहते, पण लोक कमी भावाने घेतात, हे अब्रूचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. तिसरा शब्द ‘कसर’. अरबीत तो तुकडा, अपूर्णांक या अर्थाचा. इथे त्याला मराठी ‘काट’ येऊन भेटली आणि ‘काटकसर’ झाली. दोन भाषांनी मिळून एकाच पैशाला दोनदा कापले. कोल्हापुरात एखाद्याचा ‘लई वट हाय’ म्हणतात, त्या वटाचे आणि हुंडी वटण्याचे नाते जोडायचा मोह होतो. पण मोह होतो तेवढ्याने व्युत्पत्ती होत नाही.

आता जोखीम. वित्तीय अर्थशास्त्राचा निम्मा अभ्यास या एका शब्दाभोवती फिरतो. हॅरी मार्कोविट्झने १९५२मध्ये गुंतवणुकीचा संच कसा निवडावा यावर निबंध लिहिला, त्यात परताव्याच्या चढउताराला जोखमीचे माप मानले आणि १९९०मध्ये त्याला नोबेल मिळाले. मराठी माणसाला ‘जोखीम’ ऐकून आधी ‘जोखणे’ आठवते: तोलणे, अजमावणे. तर्क देखणा आहे. पण व्युत्पत्तिकार दुसरीकडे बोट दाखवतात, ‘योगक्षेम’ या संस्कृत शब्दाकडे. ‘योग’ म्हणजे जे नाही ते मिळवणे, ‘क्षेम’ म्हणजे जे आहे ते राखणे. प्राकृतात ‘जोगक्खेम’ झाले आणि झिजत झिजत हिंदीत ‘जोखिम’, गुजरातीत ‘जोखम’, मराठीत ‘जोखीम’ उरले. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यात गीतेतला ‘योगक्षेम’ आहे. तो मूळ तत्सम रूपात पाटीवर, आणि त्याचाच झिजलेला वंशज आतल्या अर्जावर, ‘जोखीम’ या रकान्यात.

मिळवणे आणि राखणे या अर्थाचा शब्द ‘धोका’ या अर्थापर्यंत कसा पोचला? मधली पायरी जुन्या माणसांच्या बोलण्यात सापडते. प्रवासाला निघताना ‘अंगावर जोखीम घालू नको’ असे आजी म्हणायची, तेव्हा जोखीम म्हणजे दागिने. राखायची वस्तू ती जोखीम, आणि राखावी लागते म्हणून भीती. धोका बाहेरून येत नाही, तो मालकीबरोबरच घरात येतो. मार्कोविट्झच्या आलेखात एका अक्षावर परतावा आणि दुसऱ्यावर जोखीम असते. आपल्या शब्दात दोन्ही अक्ष पहिल्यापासून होते. झिजताना ‘योग’ बाजूला पडला आणि क्षेमाची काळजी तेवढी टिकली.

शब्दच नव्हे, साधनही होते. ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार पेढ्यांवर चाले. माल गलबतावर चढवणारा व्यापारी ही हुंडी काढी, आणि माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. बुडाला तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा एकाच कागदात. आज या जातीच्या करारांवर शेवटच्या सत्रात स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. १८८१चा परक्राम्य दस्तऐवज कायदा करतानाही सरकारने हुंडीच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. ‘विमा’ मात्र फारसी, आणि त्याचा संबंध ‘बीम’ म्हणजे भीती या शब्दाशी जोडतात. विमा एजंट भीती दाखवतो अशी तक्रार करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे; तो शब्दाशी प्रामाणिक आहे.

फारसी-अरबी निघालीच आहे तर कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून एक फेरी मारू. पाडव्याच्या मुहूर्तावर गुळाचे ‘सौदे’ निघतात. ‘सौदा’ म्हणजे फारसीत व्यापार, आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे शरीरातले काळे पित्त, त्यावरून वेड. भाव पडल्यावर सौदे बंद पाडले जातात तेव्हा कुठला अर्थ चालू आहे ते पाहून ठरवावे. ‘लिलाव’ पोर्तुगीज ‘लेलांव’वरून आला. ‘दलाल’ म्हणजे अरबीत वाट दाखवणारा. ‘वायदा’ म्हणजे वचन. वायदेबाजार हा वचनांचा बाजार आहे, आणि ज्याचे इंग्रजी नाव नुसतेच ‘भविष्य’ सांगते, त्याचे मराठी नाव त्या भविष्यात कुणीतरी शब्द दिला आहे हे सांगते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. बाजारातली जमा, बाकी, नफा तशीच राहिली. दरबार भाषा बदलू शकतो. चोपडी लिहिणाऱ्याला कालच्या बाकीपासून आज सुरू करावे लागते.

कोल्हापूर आणि पैशाचे विद्यापीठीय शिक्षण हे दोन धागे एका ठिकाणी फार मोठ्या माणसाजवळ जुळतात. मार्च १९२०मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावच्या परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि शाहू महाराज स्वतः तिथे आले होते. त्याच वर्षी बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या त्यांच्या डी.एस्सी.चा विषय होता रुपयाचा प्रश्न. १९२३मध्ये तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला. प्रस्तावना त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांची, आणि तिच्यात त्यांनी काही मुद्द्यांवर मतभेदही नोंदवले आहेत. चलनाचा आधार सोने असावे की सोन्याशी जोडलेला नुसता विनिमय, यावर बाबासाहेबांनी केन्सच्या १९१३च्या पुस्तकातल्या मताला विरोध केला. ‘रुपया’ शब्दातच हा वाद दडलेला आहे. पाणिनीने ‘रूप’पासून ‘रूप्य’ साधला तो दोन अर्थांनी: ठसा मारलेले, आणि प्रशंसा करावी असे देखणे. रुपया म्हणजे रूप उमटवलेला धातू. मग मोल कशाचे, रूपाचे की धातूचे? चांदीचा रुपया सोन्याशी कृत्रिम दराने बांधल्यावर धातू मागे पडतो आणि रूप पुढे येते, आणि रूप उमटवणाऱ्या सरकारला ते हवे तेवढे उमटवता येते. बाबासाहेबांची हरकत याच मोकळिकीला होती.

आता एकच शब्द उरला, आणि माझी खरी तक्रार त्याच्याबद्दल आहे: ‘तरलता’. इंग्रजीत पैसा द्रव आहे, वाहतो, गोठतो. ती कल्पना जशीच्या तशी आणून आपण तरलता केली. काहींनी ‘रोखता’ सुचवली, ती थोडी बरी. पण मराठीत पैसा पाणी नाहीच. मराठीत पैसा ‘गुंततो’. गुंतवणूक हा शब्द गुंतण्यापासूनच झाला, धागा गुंतावा, जीव गुंतावा तसा. इंग्रजी ‘इन्व्हेस्टमेंट’मध्ये अंगावर वस्त्र चढवणे आहे, आपल्यात पाय अडकणे आहे. पैसे उसात ‘अडकलेत’, प्लॉटमध्ये ‘अडकलेत’, पावणेरावळ्यांकडे ‘अडकलेत’. ठेव मोडून ते ‘मोकळे’ करायचे. सराफाकडचा दागिना ‘सोडवायचा’. भिशी ‘फुटते’. तारणही तारणारे, म्हणजे संकटातून सोडवणारे. गुंतणे, अडकणे, सुटणे, मोकळे होणे: कैद आणि सुटका यांची ही पूर्ण परिभाषा तयार असताना पाण्याची उसनी कल्पना कशाला आणली, कळत नाही. तेव्हा ‘तरलता म्हणजे काय?’ या दोन गुणांच्या प्रश्नाला राधानगरीकडच्या एखाद्या मुलीने ‘अडकलेला पैसा तोटा न खाता लवकर मोकळा करता येणे’ असे लिहिले, तर परीक्षकाने पुरते दोन गुण द्यावेत, आणि पुढच्या वर्षी प्रश्नच त्या शब्दांत विचारावा.